पाण्याची रिंग पेट्रोलला चालत नाही: जुन्या गाडीच्या कार्बोरेटरचं रबर कसं निवडायचं

पप्पांची यामाहा आरएक्स १०० आहे, १९९२ ची. नाशिकच्या सातपूरला ड्यूटीला ते तिच्यावरच जायचे, रिटायर झाले आणि गाडी सिडकोतल्या आमच्या जिन्याखाली उभी राहिली ती राहिलीच. मागच्या दिवाळीत मला हुक्की आली की हिला परत चालू करायची. कार्बोरेटर खोलला, साफ केला, आणि सगळं नीट झाल्यावर शेवटी लावताना बाऊलची, म्हणजे खाली पेट्रोल साठतं त्या वाटीची, रबरी पॅकिंग ताणली नि तुटली. रविवार होता, स्पेअरपार्टची दुकानं बंद, मग काय, जवळच्या एका हार्डवेअरमध्ये गेलो, तिथे नळाच्या कामाच्या ओ-रिंगांचा डबा होता, त्यात बोट फिरवून अंदाजे तेवढीच, तेवढ्याच जाडीची, तशीच काळी एक रिंग उचलली. खाचेत मस्त बसली. किक मारली, गाडी चालू. पप्पा बाल्कनीतून बघत होते, मी एकदम हिरो.

चार दिवसांनी त्र्यंबक रोडला पेट्रोलचा वास यायला लागला. आधी वाटलं पुढच्या रिक्षाचा असेल. मग डाव्या बुटावर ओलं लागलं. गाडी बाजूला घेतली, पेट्रोलचा कॉक बंद केला, बघतो तर बाऊलच्या कडेने थेंब थेंब चालू, आणि खाली इंजिन तापलेलं. ढकलत गॅरेजपर्यंत नेली. आमच्या गॅरेजवाल्या काकांनी बाऊलचे स्क्रू सैल केले आणि ती रिंग चकलीसारखी वळवळत बाहेर आली, खाचेपेक्षा चांगली बोटभर मोठी झालेली, परत बसवायची म्हटली तरी बसेना. काकांनी ती दोन बोटांत धरून मला दाखवली, म्हणाले, "ही पाण्याची रिंग आहे रे बाबा. हिला पेट्रोल पाजलंस तू."

तेव्हापासून या विषयात डोकं घातलं आणि कळलं की हे प्रकरण वाटतं तेवढं साधं नाही, पण अवघडही नाही, फक्त दोन गोष्टी धरून ठेवायच्या: रिंगच्या पोटातून काय वाहणार आहे, आणि ती ज्या खाचेत बसणार ती खाच किती मापाची आहे. रिंग दिसते कशी याला शून्य मार्क.

आधी फुगण्याचं बघू. आपल्याकडे बेदाणा सगळ्यांनी बघितलाय. बेदाणा रात्रभर पाण्यात टाका, सकाळी टम्म. तोच तेलात टाका, काही होत नाही. पाणी त्याच्या आत शिरतं कारण आतली साखर पाण्याची मैत्रीण आहे, तेलाची नाही. रबराचं अगदी तसंच आहे, प्रत्येक रबराचे मित्र वेगळे. जे लिक्विड त्याच्या जातीचं, ते त्याच्या आत घुसून बसतं आणि रबर फुगतं, मऊ पडतं, ताकद जाते. नळाच्या आणि सोलर हीटरच्या कामात जे रबर वापरतात ते बऱ्याच वेळा ईपीडीएम असतं. पाणी, वाफ, ऊन, डिस्क ब्रेकचं नेहमीचं ब्रेक ऑइल, यात ते वर्षानुवर्षं टिकतं, पण पेट्रोल म्हणजे त्याचा सख्खा मित्र, बघताबघता पिऊन फुगतं. म्हणजे माझी रिंग खराब नव्हती हो, चांगलीच होती, मी तिला चुकीच्या नोकरीला लावलं.

सिलिकॉनचंही तेच. पांढऱ्या नाहीतर लाल सिलिकॉनच्या रिंगा मिळतात, उष्णता खूप सहन करतात म्हणून लोकांना वाटतं भारी माल आहे, पण पेट्रोलमध्ये सिलिकॉन चांगलंच फुगतं. आणि ट्यूबमधलं सिलिकॉन बाऊलच्या कडेला फासणारे जे महाभाग आहेत त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. ते पेट्रोलने सुटतं, त्याचे तुकडे बाऊलमध्ये पडतात आणि आयडलिंगचं पेट्रोल सोडणाऱ्या पायलट जेटच्या भोकात जाऊन बसतात, ते भोक केसाएवढं असतं. मग गाडी आयडलिंगला बंद पडते आणि आपण प्लग बदलत बसतो.

मग पेट्रोलला चालतं काय? मुख्य दोन. एक नायट्राइल, दुकानात एनबीआर म्हणतात. दुसरं एफकेएम, ज्याला सगळे व्हायटॉन म्हणतात, खरं तर व्हायटॉन हे ब्रँडचं नाव आहे, ड्यूपाँटने १९५० च्या दशकात काढलेलं, पण आपण कसं फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसंच.

नायट्राइल हे वर्षानुवर्षं पेट्रोल-ऑइलचं रोजचं रबर. स्वस्त, लवचिक, घासलं तरी लवकर फाटत नाही. आपल्या जुन्या गाड्या बनल्या तेव्हा बहुतेक ठिकाणी हेच होतं आणि तेव्हाच्या पेट्रोलला ते व्यवस्थित पुरत होतं. त्यातही दर्जे आहेत, त्यात अ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाचा घटक साधारण १८ ते ५० टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो, तो जितका जास्त तितकं ते पेट्रोलला जास्त दाद देत नाही, पण थंडीत कडक पडतं. बाहेरून बघून हे कुणालाही सांगता येत नाही, दुकानदाराला तर नाहीच नाही.

गडबड झाली ती पेट्रोल बदलल्यामुळे. सरकारने २००३ मध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायचा कार्यक्रम सुरू केला, २०२२ च्या जूनमध्ये १० टक्के गाठले, २०२३ च्या फेब्रुवारीपासून पंपांवर ई२० यायला लागलं आणि आता २०२५ नंतर तुम्ही नाशकात मुंबई नाक्यावर भरा नाहीतर पंचवटीत भरा, टाकीत जातंय ते साधारण २० टक्के इथेनॉलवालंच. हे बरोबर की चूक यावर मला वाद घालायचा नाही, आपल्याच भागातला ऊस नि मका त्यात जातोय. पण १९९२ च्या गाडीच्या रबराला हे कुणी विचारलं नव्हतं ना. एप्रिल २०२३ पासून ज्या नव्या गाड्या येतात त्यांचं रबर-प्लास्टिक ई२० चालेल असं घेतलेलं असतं, आपल्याला ते आपल्या हाताने करावं लागतं.

यात एक गंमत आहे. नुसत्या पेट्रोलमध्ये नायट्राइल कमी फुगतं, पण त्यात इथेनॉल मिसळलं की एकट्या पेट्रोलपेक्षा जास्त फुगतं. पेट्रोल एका बाजूने शिरतं, इथेनॉल दुसऱ्या बाजूने, दोघं एकमेकांना दार उघडून देतात म्हणा. आणि फुगणं हा अर्धाच भाग. रबर मऊ राहावं म्हणून कंपनी त्यात तेलासारखा पदार्थ घालते, प्लॅस्टिसायझर म्हणतात त्याला, तो हे मिश्रण हळूहळू धुऊन काढतं. गाडी रोज चालते तोवर रिंग फुगलेली असते, त्यामुळे गळत नाही, सगळं आलबेल वाटतं. मग गाडी दोन महिने उभी राहते, बाऊल कोरडा पडतो, रिंग वाळते, आणि आता आतलं तेल गेलेलं असल्यामुळे ती पहिल्यापेक्षाही बारीक आणि कडक होते. कॉक उघडला की धार. "उभी होती तोवर काही नव्हतं, चालू केली नि गळायला लागली" असं जे लोक म्हणतात ना, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

एफकेएम इथे कामाला येतं. पेट्रोल, इथेनॉल, दोन्हीचं मिश्रण, यात ते फारच कमी फुगतं, २०० डिग्रीपर्यंत उष्णता घेतं, हवेतल्या ओझोनने भेगा पडत नाहीत. महाग असतं, नायट्राइलच्या कितीतरी पट, पण एका कार्बोरेटरला लागतात किती रिंगा, चार-पाच, म्हणजे दोघांच्या मिसळीच्या बिलात काम होतं. थंडीत ते कडक पडतं अशी एक तक्रार इंटरनेटवर वाचाल, ती बर्फात गाडी चालवणाऱ्यांची, साधं एफकेएमसुद्धा शून्याच्या खाली पंधरा डिग्रीपर्यंत काम करतं, आपलं निफाड कितीही गारठलं तरी एवढं नाही.

पण एफकेएमला एक शत्रू आहे आणि तो नेमका गॅरेजमध्येच राहतो. थिनर. अ‍ॅसिटोन आणि त्याच्या भावकीतले सॉल्व्हंट एफकेएमला भयंकर फुगवतात, आणि एनसी थिनरमध्ये नि काही कार्ब क्लीनर स्प्रेमध्ये हीच मंडळी असतात. म्हणजे जे रबर आयुष्यभर पेट्रोलला पुरून उरतं ते तुम्ही थिनरच्या डब्यात अर्धा तास ठेवून मारू शकता. म्हणून साफ करताना आधी सगळं रबर बाहेर, फ्लोटची (बाऊलमधल्या तरंगत्या डबीची) पेट्रोल अडवणारी सुई बाहेर, चोकचा प्लंजर बाहेर, मग काय तो स्प्रे मारा. ज्यांच्या गाडीला सीव्ही कार्बोरेटर आहे, म्हणजे वर झाकणाखाली पातळ रबरी पडदा असतो तो, त्यांनी तर जास्तच सांभाळायचं, त्या पडद्यावर एक फवारा बसला की तो पापडासारखा आक्रसतो किंवा लुळा पडतो आणि तो पडदा एकट्याचा मिळवताना नाकी नऊ येतात.

आता ओळखायचं कसं, कारण दुकानदार सगळ्यालाच "व्हायटॉन आहे भाऊ" म्हणतो. रंगावर जाऊ नका. तपकिरी नि हिरव्या रिंगा बऱ्याचदा एफकेएम असतात हे खरं, पण काळं एफकेएमही असतं आणि एसीच्या पाइपातल्या हिरव्या रिंगा वेगळ्याच रबराच्या असतात. जाळून बघायची एक पद्धत फिरते, ती अजिबात करू नका, एफकेएम जळताना त्यातून फ्लोरिनवाला विषारी वायू निघतो, तो फुफ्फुसाला आणि कातडीला वाईट. त्यापेक्षा वजन करा. एफकेएम जड असतं, घनता साधारण १.८, नायट्राइलची १.२ ते १.३ च्या आसपास. म्हणजे एकाच मापाच्या दहा-दहा रिंगा घेतल्या तर एफकेएमचा ढीग जवळपास दीडपट भरतो. मी हे खरंच सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात जाऊन काट्यावर केलंय, ते काका चष्म्यावरून माझ्याकडे असे बघत होते की हा पोरगा आता रबर गहाण ठेवणार बहुतेक.

दुसरी परीक्षा बाटलीची. झाकणाची काचेची बाटली घ्या, त्यात आपल्या नेहमीच्या पंपाचं थोडं पेट्रोल, त्यात एक रिंग सोडा, बाटली सावलीत, घराबाहेर, स्वयंपाकघरापासून लांब. टाकायच्या आधी व्हर्नियरने जाडी मोजून लिहून ठेवा. तीन दिवसांनी काढून लगेच मोजा. मग दिवसभर उघड्यावर वाळू द्या आणि परत मोजा. पहिलं माप फुगणं सांगतं, दुसरं माप वाळल्यावर आक्रसणं. जी रिंग वाळल्यावर मूळच्या मापापेक्षा बारीक झाली ती उद्या तुम्हाला त्र्यंबक रोडला उभं करणार.

रबर ठरलं, आता माप. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, मीही चुकलो. आपण काय करतो, जुनी रिंग खिशात घालून दुकानात जातो नि म्हणतो अशीच द्या. अरे पण ती जुनी रिंग तीस वर्षं दाबून चपटी झालेली आहे, किंवा फुगलेली आहे, किंवा वाळून आक्रसलेली आहे, तिचं माप म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या आजच्या उंचीवरून त्याच्या लग्नातला कोट शिवण्यासारखं. मोजायची ती खाच. व्हर्नियरची शेपटी खाचेत उभी टाकून खोली मोजा, रुंदी मोजा, आतला व्यास मोजा. चार ठिकाणी मोजा, कारण कुणीतरी आधी स्क्रू ड्रायव्हरने खरवडलेलं असतंच.

ओ-रिंग काम करते ती दाबल्यामुळे. खाच रिंगच्या जाडीपेक्षा थोडी उथळ असते, समोरचा भाग येऊन बसला की रिंग तेवढी दबते, आणि दबलेलं रबर परत वर यायला बघतं, तोच तिचा सील. हा दाब जाडीच्या साधारण १५ ते ३० टक्के असावा. उदाहरण घेऊ. समजा खाच १.४ मिलीमीटर खोल आणि २.४ रुंद आहे. १.५ ची रिंग घातली तर दबली फक्त ०.१, म्हणजे ७ टक्क्यांच्या आत, ही गळणार. १.७८ ची घातली तर ०.३८ दबली, २१ टक्के, एकदम झकास. २ ची घातली तर ३० टक्के, म्हणजे काठावर. आता तुम्ही म्हणाल काठावर तर काठावर, जास्त दाबेल तर जास्त टाइट बसेल. नाही ना. रबर दबतं म्हणजे लहान होत नाही, ते फक्त दुसरीकडे सरकतं, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं. खाचेत त्याला सरकायला जागा लागते. वरच्या खाचेचं क्षेत्रफळ ३.३६ चौरस मिलीमीटर, १.७८ च्या रिंगचं साधारण २.५, म्हणजे पाऊण खाच भरली, पाव मोकळी. २ च्या रिंगचं ३.१४, म्हणजे ९३ टक्के भरली. त्यात ती दहा टक्के जरी फुगली तरी खाचेत मावत नाही, मग ती कडेने बाहेर येते, चिरते, नाहीतर बाऊलच उचलून धरते. म्हणून "थोडी जाड द्या, टाइट बसेल" हे वाक्य दुकानात कधीच बोलायचं नाही.

आणि हे १.७८ कुठून आलं? तर रिंगांच्या तीन जमाती आहेत. इंचवाली, तिच्यात जाडी १.७८, २.६२, ३.५३ अशी जाते. जपानी, तिच्यात १.९, २.४, ३.५. आणि सरळ मिलीमीटरवाली, १.५, २, २.५, ३. ब्रिटिश अमल कार्बोरेटरवाले जे आहेत, जुन्या इंग्लिश गाड्या जपणारे, त्यांना इंचवाली जमात बघावी लागते, आपल्या यामाहाच्या मिकुनी कार्बोरेटरला जपानी किंवा मिलीमीटरवाली. १.७८ आणि १.९ मध्ये डोळ्याला काही फरक दिसत नाही, पण वरच्याच खाचेत १.९ ची रिंग २६ टक्के दबते आणि ८४ टक्के जागा खाते. चालेल, पण एफकेएम असेल तरच, फुगणारं रबर असेल तर नाही. गावातल्या स्पेअरच्या दुकानात हे मापाने मागितलं तर ते तुमच्याकडे बघतच राहतील, त्यापेक्षा अंबडला नाहीतर सातपूर एमआयडीसीत हायड्रॉलिक सीलचं सामान विकणारे आहेत त्यांच्याकडे जा, तिथे आतला व्यास, जाडी आणि मटेरियल असं तीन शब्दांत सांगितलं की ते निमूट ड्रॉवर उघडतात. कडकपणा विचारला तर ७० शोअर म्हणायचं, कार्बोरेटरला तेवढाच हवा, ९० ची घेतली तर ती दबायला एवढी ताकद मागते की ते पातळ धातूचं बाऊलच वाकेल.

कार्बोरेटर जिथे इंजिनाला दोन बोल्टांनी बसतो, जुन्या बुलेटला वगैरे, तिथल्या रिंगचं गणित जरा वेगळं आहे. बाकी ठिकाणी पेट्रोल बाहेर यायला बघतं, इथे उलटं, इंजिन आतून ओढतं आणि बाहेरची हवा आत घुसायला बघते. त्यामुळे रिंग आतल्या बाजूला ढकलली जाते. म्हणून इथली रिंग खाचेच्या आतल्या भिंतीला टेकेल अशी घ्यायची, बाहेरच्या भिंतीला टेकणारी मोठी नाही, नाहीतर ती आत सरकताना मुरडते. आणि इथून हवा आली तर थेंब दिसत नाही, वास येत नाही, फक्त गाडी आयडलिंगला वर-खाली करते, रेस सोडली तरी आरपीएम लवकर खाली येत नाही, प्लग पांढरा पडतो. फोर-स्ट्रोकला एक वेळ चालून जाईल, टू-स्ट्रोकला नाही. आरएक्स, जुनी येझदी, राजदूत, यांच्यात पेट्रोलबरोबरच ऑइल जातं, हवा जास्त घुसली की पेट्रोल कमी, जळण गरम, पिस्टन फुगतो आणि कसारा घाटात चढाला जाम होऊन बसतो. काही रुपयांच्या रिंगपायी बोअर करायची पाळी. शंका आली तर गाडी आयडलिंगला ठेवून त्या जोडावर साबणाच्या पाण्याची बारीक पिचकारी मारा, आवाज बदलला की समजा तिथूनच हवा खातेय. आणि नवी रिंग घालून पण फरक पडला नाही तर कार्बोरेटरची ती बोल्टांची कडी (फ्लँज) सपाट आहे का बघा, बोल्ट जास्त आवळून ती केळ्यासारखी वाकलेली असते, अमलच्या जुन्या कॉन्सेंट्रिक कार्बोरेटरची तर ही खोडच आहे. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात हलक्या हाताने घासा, सगळीकडे सारखी चमक आली की झालं.

फ्लोटच्या सुईला लोक सील समजतच नाहीत, पण बाऊल ओव्हरफ्लो होण्याचं पहिलं कारण तीच. तिचं टोक पितळी असू शकतं नाहीतर रबरी, रबरी टोक एफकेएमचंच घ्या. टोकावर नख फिरवा, बारीक गोल खाच लागली की ती गेली. सीट (सुईचं टोक ज्या भोकावर बसतं ती) नि सुई जोडीने बदला, जुन्या सीटवर नवी सुई म्हणजे जुन्या कुलपाला नवी किल्ली. आणि सीटच्या खाली जो बारीक वायसर असतो त्याच्याशी खेळू नका. तो जाड घातला तर सीट खाली येते, फ्लोट लवकर बंद करतो, बाऊलमध्ये पेट्रोल कमी, गाडी लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पातळ घातला किंवा विसरला तर पेट्रोल वर, गाडी काळा धूर टाकते. वायसरमधला अर्ध्या मिलीचा फरक फ्लोटच्या टोकाला वाढून दिसतो कारण ती पट्टी तरफेसारखी आहे. जुना वायसर मोजा नि तेवढ्याच जाडीचा घाला, मग कंपनीच्या मॅन्युअलमधलं माप लावून फ्लोट तपासा. बाऊल लावायच्या आधी कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून कोरड्या पाइपने फुंकून बघा, हवा अडली पाहिजे.

चोकच्या प्लंजरच्या खाली पण एक रबरी टिकली असते हे मला माहीतच नव्हतं. मिकुनीत चोक म्हणजे झाकण नाही, पेट्रोलची वेगळी वाट असते आणि ती टिकली ती वाट बंद ठेवते. ती कडक झाली की चोक कायमचा थोडा उघडा, अ‍ॅव्हरेज निम्म्यावर, आणि माणूस जेट बदलत बसतो.

कागदी पॅकिंग जिथे असेल तिथे ऑइल पेपरची शीट आणून घरी कापता येते. काकांची पद्धत बघण्यासारखी आहे. बाऊलच्या कडेला बोटाने नावाला ग्रीस लावतात, त्यावर कागद दाबतात, ग्रीसची रेघ उमटते, मग कात्रीने कापतात, आणि स्क्रूच्या भोकांसाठी भोकावर बेअरिंगचा छर्रा ठेवून त्यावर हातोडीचा एकच हलका टोला. भोक असं गोल पडतं की मशीनने काय पडेल. कडेवर हातोडीने टोकत टोकत कापणारेही आहेत, पण बाऊलचा धातू मऊ असतो, कडा मार खाते नि मग कुठलीच पॅकिंग बसत नाही. कागदाला शेलॅक लावायची जुनी सवय मात्र आता सोडा. शेलॅक अल्कोहोलमध्येच विरघळतो, सुतार पॉलिश करताना तो स्पिरिटमध्येच घोळवतात, आणि आता आपल्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल आहे.

रिपेअर किटबद्दल एकच सांगतो, त्यातलं रबर काय आहे हे पाकिटावर लिहिलेलं नसेल तर ते साधं नायट्राइलच समजा, आणि दुकानाच्या काउंटरवर उन्हात किती वर्षं लटकलंय तेही बघा, रिंग ताणून वाकवली की बारीक भेगा दिसतात. बसवताना दोन थेंब टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल लावा, कोरडी रिंग खाचेत मुरडते.

मी सगळं परत केलं. बाऊलला, ड्रेनच्या स्क्रूला एफकेएम, नवी सुई-सीट, चोकची टिकली. रविवारी सकाळी पप्पांना मागे बसवून सोमेश्वरला गेलो नि आलो, बूट कोरडा, वास नाही. पप्पा काही बोलले नाहीत पण उतरल्यावर त्यांनी वाकून बाऊलखाली बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली रुपयाएवढा ओला डाग. बाऊल कोरडाच होता. वर बघितलं तर थेंब पेट्रोलच्या कॉकवरून येत होता, त्या चावीच्या आत चार भोकांची रबरी पॅकिंग असते, ती १९९२ चीच होती. काकांना फोन केला तर म्हणाले, "मग, कॉक कुणाच्या बापाचा? त्यातनं पण तेच पेट्रोल जातं ना?"